गळ्याआधी दम

रमजानचा पहिला अशरा सरता सरता बऱ्याच मोहल्ल्यांत कानावर येते, हाफिज साहेबांचा आवाज बसला! दिवसभर रोजा, नंतर वीस रकात तरावीह आणि रोजचा एक-सव्वा पारा. मिलादच्या जलशात नात शरीफ म्हणणाऱ्या मुलामुलींचेही तेच होते. मग कोणीतरी लवंग-खडीसाखर हातावर ठेवतो. तिने घशाला बरे वाटते, एवढेच. गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. पाणीसुद्धा आधी रक्तात मिसळते, मग तिथे ओलावा येतो. म्हणून तरावीहच्या तोंडावर गटागटा पिण्यापेक्षा इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडे थोडे प्यावे.

आमच्या मते खरी गडबड श्वासात असते. सूर चढला की मूल खांदे उचलते, मान ताणते. वरवर घेतलेला दम तोकडा पडतो आणि ती उणीव गळा जोर लावून भरून काढतो. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, स्त्रियांचे साधारण दोनशे वेळा एकमेकांना भिडतात. मुलांचे त्याहूनही जास्त. अशा नाजूक पडद्यांवर तासभर जोर दिला तर सूज येणारच.

घरी एवढे करून पाहा. मुलाला पाठीवर निजवा, पोटावर हलके पुस्तक ठेवा. श्वास घेताना पुस्तक वर यावे, छाती नव्हे. मग दातांतून ‘स्स्स’ करत दम सावकाश सोडायचा. धार मध्येच तुटू नये, एकसारखी राहावी. हेच नंतर उभे राहून करावे. पाच मिनिटे पुरेत, चक्कर आली तर थांबावे.

दम जमला की गळा. ओठ मिटून हलके गुणगुणणे, ओठ फडफडवत सूर खालून वर नेणे (लहान मुले मोटारीचा आवाज काढतात तसे), ग्लासातल्या पाण्यात नळीने बुडबुडे काढत ‘ऊ’ म्हणणे. यात स्वरतंतूंवर ताण कमी पडतो. गवय्यांच्या घरी पहाटे खर्जाचा रियाज असतो, तोही खालच्या सुरांतून गळा उघडण्यासाठीच. कुणी म्हणेल, किरअतीला गाण्याची तालीम कशाला? पण ही तालीम रागदारीची नाही, दमाची आहे. तजवीदमध्ये मद्दे लाजिम सहा हरकतींपर्यंत ओढायचा असतो आणि वक्फही हवा तिथे करता येत नाही. मिसरचे कारी अब्दुल बासित अब्दुस्समद (१९२७–१९८८) एका दमात किती लांब जात, ते रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यांना ठाऊकच आहे. मुलांनी मात्र तेवढ्यासाठी श्वास कोंडून पैज लावू नये.

इफ्तारला भजी-समोसे खाऊन लगेच मुसल्ल्यावर उभे राहिले की आम्लपित्त वर येते आणि घसा जळतो. हाफिज साहेबांना दावत देणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे. तळलेले थोडे, जेवण तरावीहनंतर.

आवाज बसलाच तर बोलणे कमी करावे. कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे. तीन आठवडे घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. श्वास घ्यायला त्रास झाला किंवा थुंकीत रक्त दिसले तर त्याच दिवशी. जमातीला जमत असेल तिथे दोन हाफिज ठेवून दहा-दहा रकात वाटून द्याव्यात, आणि माइक इतका नीट लावावा की मागच्या सफसाठी कुणाला ओरडावे लागू नये.