आधी रक्त, मग अँटिबायोटिक, आणि दोन दिवसांनी फेरविचार

आज एकाच प्रश्नावर बोलू: रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला अँटिबायोटिक कधी द्यायचं, कोणतं आणि किती दिवस?

पावसाळ्यात कल्याण परिसरात उल्हास, वालधुनीचं पाणी वस्त्यांत शिरतं आणि मागोमाग तापाचे रुग्ण वाढतात. ताप सारखाच दिसतो, आजार मात्र वेगळे. डेंग्यू विषाणूचा, त्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही. मलेरियाचे उपचार वेगळे. लेप्टो आणि टायफॉइड हे जिवाणूंचे आजार, इथे अँटिबायोटिक हवंच. पण लेप्टोला पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन अशी जुनी, स्वस्त औषधं चालतात.

नातेवाईक आम्हाला विचारतात, "डॉक्टर, हायर अँटिबायोटिक का नाही सुरू करत?" लक्षात घ्या, 'हायर' म्हणजे जास्त ताकदीचं असं नाही, जास्त प्रकारच्या जिवाणूंवर चालणारं. ते आतड्यातले उपयोगी जिवाणूही मारतं, आणि मागे उरतात ते औषधाला न जुमानणारे.

मग रुग्ण अत्यवस्थ असेल तर? रक्तदाब घसरतोय, जंतुसंसर्गाचा संशय आहे, तर रिपोर्टची वाट बघायची नाही. पहिला डोस तासाभरात गेला पाहिजे, आणि तिथे व्यापक औषधच योग्य. फक्त त्याआधी कल्चरसाठी रक्त घ्यायचं. काही मिनिटांचं काम. डोस आधी गेला तर बाटलीत जिवाणू वाढतीलच असं नाही. डोंबिवलीत तीन दिवस इंजेक्शनं घेऊन रुग्ण ठाण्याला येतो, कल्चर कोरं येतं, आणि पुढचे उपचार अंदाजाने करावे लागतात.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा विचार करतो. संसर्ग खरंच जिवाणूंचा आहे का? नेमकं, मर्यादित औषध पुरेल का? इंजेक्शनऐवजी गोळी चालेल का? औषध थांबवता येईल का? लघवीची नळी असलेल्या रुग्णाच्या लघवीत जिवाणू सापडले, पण त्रास काहीच नाही, तर बहुतेक वेळा औषध लागतच नाही.

एवढा आटापिटा कशासाठी? मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना दाद न देणाऱ्या २४ जिवाणू-नमुन्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ होतं, म्हणजे ही औषधं निकामी करणारं विकर. असा संसर्ग झाला की मोजकेच पर्याय उरतात. त्यातलं कोलिस्टिन मूत्रपिंडाला इजा करू शकतं.

म्हणून तुमचा माणूस दाखल झाला की विचारा: कल्चर पाठवलं का? रिपोर्ट काय आला? औषध अजून लागणार का? आणि दुसऱ्या रुग्णालयात हलवताना दिलेल्या औषधांची नावं, डोस आणि वेळा लिहिलेला कागद सोबत न्या. पुढच्या डॉक्टरला त्या कागदाचा फार आधार असतो.