पाण्याखालच्या छायाचित्रातील खेकड्यांची ओळख

इंडोनेशियातील उत्तर सुलावेसीजवळची लेंबे सामुद्रधुनी आणि फिलिपाइन्समधील अनिलाओ ही ठिकाणे हौशी डायव्हरांमध्ये मोठ्या माशांसाठी नव्हे, तर वाळूच्या आणि गाळाच्या तळावर राहणाऱ्या एक-दोन सेंटिमीटरच्या जिवांसाठी प्रसिद्ध आहेत. मॅक्रो भिंगांमुळे तिथले खेकडे आणि कोळंब्या इतक्या बारकाईने टिपता येतात की कवचावरचा केसन्‌केस मोजता यावा. तरीही छायाचित्रातला प्राणी नेमका कोणत्या जातीचा, हे सांगताना जाणकार अनेकदा अडखळतात. याचे मूळ अभ्यासाच्या इतिहासात आहे. गेली दोन शतके या प्राण्यांची वर्णने प्रामुख्याने संग्रहालयांत मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्यांवरून झाली. त्या नमुन्यांत कवचाचा आकार, दात, काटे आणि अवयवांची रचना टिकते, पण रंग काही काळातच उडून जातो. छायाचित्रात नेमके याच्या उलट होते, म्हणजे रंग आणि आश्रयस्थान टिकते आणि निर्णायक रचना बहुधा दिसतच नाही. ओळख पटवायची म्हणजे या दोन अर्धवट पुराव्यांची सांगड घालायची.

खेकडे, कोळंब्या आणि शेवंड हे सारे दशपाद गणातले, म्हणजे चालण्याच्या आणि पकडण्याच्या पायांच्या पाच जोड्या असलेले प्राणी असून, त्यांच्या सुमारे 15,000 जिवंत जाती शास्त्राला ठाऊक आहेत. एवढ्या पसाऱ्यात शिरताना पहिली पायरी म्हणून पाय मोजावेत. खऱ्या खेकड्यात नांग्यांच्या जोडीमागे चालण्याच्या पायांच्या चार जोड्या दिसतात, तर पोर्सेलिन खेकड्यात तीनच, कारण त्याची शेवटची जोडी अगदी बारीक होऊन कवचाखाली दुमडलेली असते. शिवाय त्याच्या लांब मिशा डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूने निघतात. समुद्रफुलांवर, म्हणजे सी-ॲनिमोनवर, बसून तोंडाजवळच्या केसाळ अवयवांच्या पंख्याने पाण्यातले अन्नकण गाळणारा ठिपकेदार निओपेट्रोलिस्थिस मॅक्युलॅटस हा असाच प्राणी असून, त्याचे नाते खऱ्या खेकड्यांपेक्षा शंखात राहणाऱ्या साधू खेकड्यांशी अधिक जवळचे आहे. मोठ्या पिंपासारख्या स्पंजावर सापडणारा गुलाबी, केसाळ लॉरिया सियाजियानी तर डायव्हरांच्या बोलण्यात सर्रास ‘फेअरी क्रॅब’ असतो, पण तो स्क्वॅट लॉबस्टर नावाच्या निराळ्या गटातला आहे. अर्थात पाय मोजण्याच्या या कसोटीलाही अपवाद आहेत: पाठीवर स्पंजाचा तुकडा किंवा समुद्रसाळू घेऊन हिंडणारे काही खरे खेकडे मागच्या दोन जोड्या ओझे धरण्यासाठी वर वळवतात, आणि त्यामुळे वरून काढलेल्या छायाचित्रात पायांची गणती चुकते.

कोळंबीच्या बाबतीत पाहण्याची जागा वेगळी. स्वयंपाकघरात सोलली जाणारी कोळंबी पिनीइड गटातली असून तिच्या पोटाच्या खंडांच्या बाजूच्या कडा कौलांसारख्या एकामागून एक चढलेल्या असतात, म्हणजे पहिल्या खंडाची कड दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर येते. प्रवाळभित्तीवर छायाचित्रांत येणाऱ्या बहुतेक छोट्या कोळंब्या मात्र कॅरिडीया या गटातल्या असतात. त्यांच्यात दुसऱ्या खंडाची कड रुंद होऊन पहिल्यावर आणि तिसऱ्यावर अशी दोन्हीकडे चढते. बाजूने घेतलेल्या स्वच्छ छायाचित्रात हे लक्षण दिसते आणि एका नजरेत मोठा निवाडा करून टाकते. पोटाखाली अंडी धरलेली मादी दिसली तर पिनीइड गट आपोआप बाद होतो, कारण त्या माद्या अंडी थेट पाण्यात सोडतात. माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणाऱ्या दोन लाल-पांढऱ्या कोळंब्यांची नेहमी गल्लत होते, पण स्टेनोपस हिस्पिडसच्या पायांची तिसरी जोडी मोठ्या, पट्टेदार नांग्यांची असते आणि लिस्माटा अँबोइनेन्सिसला अशा नांग्या नसून पाठीवर लाल रंगात मधोमध एक पांढरी रेघ असते. या दोघी केवळ भिन्न जाती नव्हेत, भिन्न गटही आहेत. रंगीबेरंगी मँटिस श्रिंप तर दशपाद गणातलाच नाही.

रंगाकडे जुन्या अभ्यासकांनी दुर्लक्ष केले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, पण त्यांच्यापुढच्या बाटलीत तो उरलेलाच नसे. पोसिलोपोरा प्रवाळाच्या फांद्यांत जोडीने राहून काटेरी तारामाशांना हुसकावणाऱ्या ट्रॅपिझिया खेकड्यांच्या काही जाती लाल ठिपके, जाळीदार रेषा अशा नक्षीवरून वेगळ्या करता येतात. समुद्रफुलांवरच्या ॲन्सायलोमेनिस प्रजातीतल्या पारदर्शक कोळंब्यांतही शरीरावरचे पांढरे डाग कुठे आणि कसे आहेत, यावरच डायव्हरांची सारी भिस्त असते. जपानी अभ्यासक ओकुनो यांनी 2002 साली बालीच्या प्रवाळभित्तींवरून वर्णन केलेल्या एका जातीला तर सरस्वतीचे नाव आहे. मात्र लाल प्रकाश पाण्याच्या पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, त्यामुळे फ्लॅश न वापरता काढलेल्या चित्रातल्या रंगावर विश्वास ठेवू नये.

याहून बोलका पुरावा म्हणजे तो प्राणी कशावर बसला होता. विषारी काट्यांच्या फायर अर्चिन या समुद्रसाळूवर काटे छाटून मोकळ्या केलेल्या जागेत, पांढऱ्या अंगावर जांभळट-लाल ठिपके असलेल्या दोन कोळंब्या, एक मोठी आणि एक लहान, शेजारी बसलेल्या दिसल्या तर त्या पेरिक्लिमेनिस कोलमनी होत, मोठी मादी आणि लहान नर. ए. जे. ब्रूस यांनी 1975 मध्ये ही जात वर्णिली आणि तिला नाव दिले ते नेव्हिल कोलमन या ऑस्ट्रेलियन पाण्याखालच्या छायाचित्रकाराचे. त्याच साळूवर उभ्या पट्ट्यांचा झेब्रिडा ॲडॅम्साय हा खेकडाही राहतो. मऊ प्रवाळावरचा काटेरी, गुलाबी-पांढरा होप्लोफ्रिस ओटेसी त्याच्या यजमानाशिवाय पाहिला तर ओळखायला अवघड जावा. सुंदर चौकट साधण्याच्या नादात यजमान कापून टाकलेले छायाचित्र भिंतीवर शोभते, ओळखीसाठी मात्र निम्मे वाया गेलेले असते.

नावे बदलतात, ही आणखी एक अडचण. समुद्रकाकडीवर आणि मोठ्या सागरी गोगलगाईंवर स्वार होणारी एम्परर कोळंबी अनेक डायव्हिंग पुस्तकांत पेरिक्लिमेनिस इंपेरेटर या 1967 च्या नावाने छापलेली आहे. पण कलकत्त्यात झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात काम करणाऱ्या स्टॅन्ली केंप यांनी तिचे वर्णन 1922 मध्येच केले होते, आणि जुन्या नावाला अग्रक्रम मिळतो या नियमाने व प्रजाती बदलल्याने तिला आता झेनोपोंटोनिया रेक्स म्हणतात. शेपूट उंचावून डुलणारी थॉर अँबोइनेन्सिस तर उष्ण समुद्रांत सर्वत्र एकच जात मानली जाई. 2021 मध्ये अटलांटिकमधल्या कोळंब्या वेगळ्या ठरवून त्यांना अभिनेते लिओनार्डो डिकॅप्रिओ यांच्यावरून थॉर डिकॅप्रिओ हे नाव देण्यात आले. म्हणूनच छायाचित्र कोणत्या समुद्रातले, हे कळल्याशिवाय त्यावर जातीचे नाव लिहू नये.

काही ठिकाणी थांबण्यातच शहाणपण आहे. खेकड्यांच्या अनेक कुलांत जात ठरते ती नराच्या पोटाखाली दुमडलेल्या पहिल्या उपांगांच्या आकारावरून, आणि ती कोणत्याच डायव्हरच्या छायाचित्रात येत नाहीत. लालसर केसांचा ‘ओरांगउटान क्रॅब’ पुस्तकांत बिनदिक्कत अकीअस जॅपोनिकस म्हणून छापला जातो, पण नुसत्या छायाचित्रावरून ‘अकीअस प्रजातीतील एक जात’ एवढेच लिहिणे अधिक प्रामाणिक होय. प्रजातीपर्यंतची खात्रीची ओळख जातीपर्यंतच्या अंदाजापेक्षा केव्हाही उपयोगाची.

लक्षद्वीप, अंदमान किंवा मालवणच्या पाण्यात उतरणाऱ्यांनी एका प्राण्याची निदान तीन छायाचित्रे घ्यावीत: एक वरून, एक बाजूने आणि एक यजमानासह थोडे दुरून, सोबत ठिकाण, खोली व तारीख नोंदवावी. चांगल्या कोनासाठी फांदी मोडण्याचा किंवा समुद्रकाकडी उचलून घेण्याचा मोह मात्र टाळावा, कारण भित्ती बांधणारे प्रवाळ आणि समुद्रकाकड्या 2001 पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांना इजा करणे हा भारतात गुन्हा आहे.