रक्त पातळ करणारी गोळी आणि रमजान

गेल्या रमजानमधील गोष्ट. नवव्या रोजाच्या सहेरीला आमच्या अम्मींच्या हातून पाण्याचा पेला निसटला. काय झाले म्हणून विचारले तर त्यांना शब्द नीट फुटेना आणि तोंड एका बाजूला ओढल्यासारखे दिसू लागले. आम्ही लगेच त्यांना दवाखान्यात नेले. अल्हम्दुलिल्लाह, जीव वाचला आणि बोलणेही परत आले. मात्र तसबीहचे मणी त्यांना आजही डाव्या हाताने ओढावे लागतात.

घरी आल्यावर त्यांच्या उशीखाली गोळ्यांची न फोडलेली पट्टी सापडली. रमजान सुरू झाल्यापासून त्यांनी रक्त पातळ करणारी गोळी घेतलीच नव्हती. "दुखत नाही, खुपत नाही. मग रोजात औषधाचा घोळ कशाला?" असे त्यांचे म्हणणे. त्यात शेजारच्या एका बाईंनी सांगितले होते की हे तर उंदीर मारायचे औषध!

चूक एकट्या अम्मींची नव्हती. इफ्तारला काय करायचे याची चर्चा आमच्या घरात रोज होत होती, पण गोळी घेतली का, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. म्हणूनच हा लेख.

गोळी नेमके काय करते?

हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले की हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. तिथे रक्त साचते आणि त्याची गुठळी होऊ शकते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात होतो. या आजारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीने तो साधारण दोन तृतीयांश कमी होतो. गोळी घेतल्याने बरे वाटत नाही आणि सोडल्याने लगेच वाईटही वाटत नाही. फसगत होते ती इथेच.

उंदरांच्या औषधाची गोष्ट खोटी नाही. वॉरफेरिन 1948 मध्ये त्याच कामासाठी बाजारात आले. पण 1954 पासून ते माणसांसाठी औषध म्हणून वापरले जाते. औषध आणि विष यांत फरक असतो तो मात्रेचा. म्हणूनच वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉल घेणाऱ्यांना 'आयएनआर' ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. या आजारात हा आकडा बहुधा 2 ते 3 च्या दरम्यान ठेवतात. त्याहून कमी झाला तर गुठळीची भीती, जास्त झाला तर रक्तस्रावाची.

मेथी, पालक, कोथिंबीर यांतील 'के' जीवनसत्त्व या गोळ्यांच्या उलट काम करते. म्हणून भाजी सोडायची नाही, पण तिचे प्रमाण रोज सारखे ठेवायचे. रमजानमध्ये खाण्याच्या वेळा आणि पदार्थ दोन्ही बदलतात, त्यामुळे या महिन्यात तपासणी चुकवू नये.

डाबिगाट्रान, रिवारोक्साबान, एपिक्साबान या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण मूत्रपिंडाची तपासणी मात्र लागते. त्यांचा असर लवकर उतरतो, म्हणून एखादी गोळी चुकणेही महागात पडू शकते. झडपेच्या काही आजारांत या गोळ्या चालत नाहीत. तेव्हा शेजाऱ्याची गोळी पाहून आपली बदलू नये.

रमजानआधी काय करावे?

शाबानमध्येच डॉक्टरांना भेटावे. आपल्याकडे सहेरी ते इफ्तार अंतर साधारण तेरा-चौदा तासांचे असते. दिवसातून एकदा घ्यायची गोळी इफ्तारनंतर आणि दोनदा घ्यायची सहेरी-इफ्तारला बसवता येते का, ते त्यांनाच विचारावे. हृदयविकारावर दिली जाणारी रिवारोक्साबान भरपेट जेवणासोबत घ्यायची असते, नुसत्या खजूर-पाण्यावर नाही. एखादी गोळी चुकलीच तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नयेत.

डॉक्टरांनी रोजा नको म्हटले तर मन खट्टू करू नये. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला सवलत दिलेली आहे. कजा की फिदिया, हे आपल्या आलिमांना विचारावे. अल्लाहने दिलेली सवलत घेणे म्हणजे ईमान कमी असणे नव्हे.

घरच्यांनी हे लक्षात ठेवावे

गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळी आणू नये, रक्तस्राव वाढतो. चिरा देऊन केला जाणारा हिजामा, दात काढणे, कोणताही काढा किंवा नवे औषध, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. काळी शौच, लघवीतून रक्त, न थांबणारा घोळणा किंवा डोक्याला मार लागला तर लगेच दवाखाना गाठावा.

तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडे बोलणे, यांपैकी एक जरी दिसले तरी मालिश करत बसू नये. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. रुग्ण कोणती गोळी घेतो आणि शेवटची कधी घेतली, हे तिथे आधी सांगावे.

आता आमच्या घरी अम्मींची गोळी दस्तरख्वानावर खजुरांच्या ताटलीशेजारी ठेवलेली असते. धाकटी नात रोज विचारते, "दादी, गोळी घेतली?" अम्मी हसतात आणि बिस्मिल्लाह म्हणून गोळी घेतात.