दादरची हिंदु कॉलनी

शाळेंत भूगोल शिकवितांना मी आरंभ करीत असें तो मुलांच्या उंबरठ्यापासून. आपली गल्ली कोणत्या दिशेस गेली आहे, पावसाचें पाणी कोणीकडे वाहतें, वारा कोठून येतो, हें आधीं पाहावें, हिमालय मागाहून. त्याच रीतीनें आज वाचकांस मुंबईतील दादरच्या हिंदु कॉलनींतून हिंडवून आणावयाचें आहे.

ही वसाहत आटोपशीर आहे. पश्चिमेस रेल्वेचा मार्ग, पूर्वेस डॉ. आंबेडकर मार्ग, दक्षिणेस टिळक पूल व त्यालगतचा चौक, उत्तरेस माटुंगा. या चौकास लोक अद्यापि 'दादर टी. टी.' म्हणतात. येथें ट्रामचा शेवटचा थांबा होता. १९६४ सालीं ट्राम गेली, नांव मात्र राहिलें. गल्ल्या क्रमांकांनीं ओळखल्या जात असल्यामुळें नवख्या माणसास घर शोधण्यास प्रयास पडत नाहींत.

ही टापटीप आपोआप आलेली नाहीं. १८९६ सालीं मांडवींत प्लेगची सांथ उद्भवली व मुंबईची दाट वस्ती हवालदिल झाली. १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यानें दादर-माटुंग्याकडील जमीन आंखून रुंद रस्ते, झाडें व मोकळ्या जागा यांची योजना केली. हा रोग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो हें पुढें निश्चित झालें. तरी उजेड व हवा यांचें महत्त्व त्यामुळें तिळभरहि उणें झालें नाहीं.

सोयी म्हणाल, तर स्थानक, बाजार व शाळा पायांच्या टप्प्यांत. १९३७ पासूनचें रुइया महाविद्यालय शेजारीं. मोठा रस्ता ओलांडून पारशी कॉलनींतून गेल्यास 'फाइव्ह गार्डन्स' हीं पांच उद्यानें लागतात. परंतु या वसाहतीचें खरें भूषण 'राजगृह' होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९३० च्या दशकांत हें घर बांधलें, तें मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठीं. ज्या समाजानें त्यांच्या बांधवांस शतकानुशतकें विद्येपासून दूर ठेविलें, त्याच्याच शेजारांत त्यांनीं विद्येचें मंदिर उभारिलें. तेथें आपण क्षणभर थांबावें व नम्र व्हावें.

आतां जुन्या बसक्या इमारतींच्या जागीं उत्तुंग इमले उठत आहेत. जुनीं घरें जीर्ण झालीं, नवीं हवींत, हें मान्य. पण मजले वाढले तरी गल्ली तेवढीच राहते. परवां फिरावयास निघालों, तों पदपथ मोटारींनीं अडलेला; काठी टेकीत रस्त्याच्या मधून चालावें लागलें. पुनर्बांधणीच्या सभेंत आपण खोल्यांचें क्षेत्रफळ विचारतों. मूल कोठें खेळेल, म्हातारा कोठून चालेल, हेंहि विचारावें. प्लेगनें एकदां शिकविलेला धडा पुन्हां शिकण्याची पाळी आपल्या नातवंडांवर येऊं नये.