केंटमध्ये कोण कुठे जेवते

इंग्रजांचे जेवण म्हणजे उकडलेले बटाटे आणि बेचव वाटाणे, हा आपल्याकडचा निकाल बहुधा लंडनच्या धावत्या सहलीत लागलेला असतो. लंडनच्या आग्नेयेला समुद्रापर्यंत पसरलेल्या केंट परगण्यात तो फिरवावा लागतो. सफरचंदे, चेरी आणि बियरसाठी लागणारे हॉप्स यांच्या मळ्यांमुळे केंटला ‘इंग्लंडची बाग’ म्हणतात. पण इथल्या खाण्यापिण्याचा उलगडा बागेपेक्षा माणसांतून होतो. कामाला, हवापालटाला, पलटणीबरोबर जे जे आले, त्यांनी आपापली खाण्याची ठिकाणे उभी केली.

व्हिट्स्टेबल हे कालवांचे गाव. कोकणातल्या वाचकाला कालवे नवी नाहीत. इथे मात्र ती कच्चीच, वर लिंबू पिळून गिळतात. व्हिक्टोरियन काळात कालवे हे लंडनच्या गोरगरिबांचे खाणे होते. पुढे अतिउपसा आणि रोगराईने पीक घटले आणि तोच माल चैनीचा झाला. इथली मूळची चपटी ‘नेटिव्ह’ कालवे सप्टेंबर ते एप्रिल एवढ्याच काळात मिळतात, कारण उन्हाळा हा त्यांचा विणीचा हंगाम. बशीत एरवी असतात ती बहुतेक पॅसिफिक जातीची. हाय स्ट्रीटवरचा गुलाबी रंगाचा चिमुकला ‘व्हीलर्स ऑयस्टर बार’ 1856 पासून चालू आहे.

पश्चिमेला थोड्याच अंतरावर सीसॉल्टर. 1086च्या ‘डोम्सडे बुक’ या जमीन-पाहणीच्या दप्तरात हे गाव कँटरबरीच्या आर्चबिशपच्या मुदपाकखान्याकडे असल्याची नोंद आहे. तिथल्या खाजणाकाठच्या ‘द स्पोर्ट्समन’ या साध्या दिसणाऱ्या पबचा ताबा 1999 साली स्टीफन हॅरिस यांनी घेतला. स्वयंपाकाचे रीतसर शिक्षण नाही. त्याआधी ते इतिहासाचे शिक्षक होते आणि आर्थिक सल्लागारही. ते समुद्राच्या पाण्यापासून मीठ स्वतः बनवतात, लोणीही घरचेच. 2008 साली या पबला मिशेलिन तारा मिळाला. इतिहासाच्या माणसाने गावाचा जुना धंदाच पुन्हा सुरू केला, असे मला वाटते.

पिण्याची तऱ्हा निराळी. फेवरशॅमची ‘शेफर्ड नीम’ ही ब्रुअरी आपले स्थापनावर्ष 1698 सांगते आणि परगण्यातले कितीतरी पब तिच्या मालकीचे आहेत. अशा बड्या मालकांच्या मुलखात 2005 साली हर्न गावी, एकेकाळच्या खाटकाच्या दुकानात, ‘बुचर्स आर्म्स’ उघडला. त्याच वर्षी नवा परवाना कायदा अमलात आल्याने छोट्या माणसाला पब काढणे सोपे झाले होते. एक खोली, पिंपातली ‘एल’ बियर, गप्पा. संगीत नाही, स्वयंपाकघरही बहुधा नाही. ही ‘मायक्रोपब’ची कल्पना पुढे देशभर पसरली. जेवायला मात्र दुसरीकडे जावे लागते!

फोकस्टोनजवळच्या शॉर्नक्लिफ छावणीत गुरखा पलटण असते. 2009 साली अभिनेत्री जोआना लम्ली यांच्या मोहिमेनंतर निवृत्त गुरख्यांना ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याचा हक्क मिळाला. त्यामुळे या बंदरगावात फिश अँड चिप्सच्या शेजारी मोमो आणि डाळभात मिळतो. त्याच वर्षी वेगवान रेल्वे सुरू झाली आणि लंडन तासाभरावर आले. मार्गेटला 2011 साली टर्नर कंटेम्पररी हे कलादालन उघडल्यावर ओस पडत चाललेल्या किनाऱ्यावर नवी उपाहारगृहे आली. लंडनहून येऊन भाव चढवणाऱ्यांना स्थानिक लोक ‘डीएफएल’, म्हणजे ‘डाउन फ्रॉम लंडन’, म्हणतात. त्यात कौतुक नसते.

माझ्या लेखी केंटमधली सर्वांत उदार पंगत ग्रेव्हसेंडची. थेम्सकाठच्या कारखान्यांत कामाला आलेल्या शिखांची इथे मोठी वस्ती आहे. 2010 साली उघडलेला त्यांचा गुरु नानक दरबार हा युरोपातल्या मोठ्या गुरुद्वारांपैकी एक. लंगर शाकाहारी, फुकट आणि सर्वांसाठी खुला. उपाहारगृहांच्या मार्गदर्शिकांत तो सापडत नाही, हा त्या मार्गदर्शिकांचा दोष.

केंटला जाणार असाल, तर कालवांसाठी थंडीचे महिने धरा, ‘स्पोर्ट्समन’मधले टेबल बरेच आधी राखून ठेवा, आणि ग्रेव्हसेंडला जाताना डोके झाकायला रुमाल जवळ असू द्या.