खिशातला वाकडा चाकू



मुकुंदवाडी पूर्वी शेतीचे गाव होते. आज ते छत्रपती संभाजीनगर महापालिकेच्या हद्दीत आहे. तरी परसातल्या लिंबाला पाणसोट फुटतातच. अशा कामाला वाकड्या पात्याचा, घडीचा चाकू फार सोयीचा पडतो.

हा म्हणजे खिशात मावणारा विळाच. ओढताना फांदी पात्याच्या बाकात अडकते, निसटत नाही. पोत्याची शिवण, सुतळी, पेंढीचा बंध यांनाही तोच चालतो. बोटापेक्षा जाड फांदीला मात्र करवत घ्या, आणि डोळा भरायला सरळ पात्याचाच चाकू वापरा.

विकत घेताना पाते उघडून हलवून पाहा. डुलत असेल तर घेऊ नका. कापताना दुसरा हात व मांडी पात्याच्या वाटेत ठेवू नका. मिटताना बोटे खाचेबाहेर असू द्या.

खरी काळजी पुढेच आहे. मोसंबीचा एक्झोकॉर्टिस आणि डाळिंबाचा तेल्या हे रोग पात्यावरूनही झाडोझाडी पसरतात. एक्झोकॉर्टिस तर पाते नुसते जाळावर धरून जात नाही. म्हणून ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट १ भाग व पाणी ४ भाग असे द्रावण करून, प्रत्येक झाडानंतर पाते त्यात बुडवा. या द्रावणाने लोखंड गंजते. तेव्हा काम संपताच पाते धुऊन, कोरडे पुसून तेलाचा हात फिरवा.

चाकू स्वस्तात मिळतो. रोगी झालेली बाग पुन्हा उभी करायला वर्षे जातात.