घरच्या घरी घडविलेले कार्ट्रिज

दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे 'अटारी २६००' हे खेळयंत्र १९७७ साली अमेरिकेत बाजारात आले. त्याचे उत्पादन केव्हाच थांबले. तरीही त्यासाठी नवे खेळ लिहिणारे हौशी आजही आहेत. या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली संगणकावर उपलब्ध आहे खरी, परंतु अखेरचा निवाडा मूळ यंत्राचाच. त्यासाठी हवे पुनःपुन्हा लिहिता येणारे कार्ट्रिज.

जुन्या कार्ट्रिजमधील कायमस्वरूपी मजकुराची चिप काढून तेथे २४ पायांचे सॉकेट बसवितात आणि त्यात ४ किलोबाइटची 'ईप्रॉम' चिप ठेवतात. एक-दोन जोडण्या बदलाव्या लागतात. पण खरी मेख निराळीच आहे. कार्ट्रिजला साद घालताना यंत्र निवडीच्या तारेवरील विद्युतदाब वाढविते. ईप्रॉम मात्र तो उतरल्यावरच जागी होते! म्हणून मध्ये संकेत उलटविणारी ७४०४ ही चिप योजावी लागते. तिच्यात असे सहा उलटविणारे विभाग असतात. कामास येतो एकच, उरलेले पाच बिनकामाचे.

खेळात चूक आढळली, की चिपच्या पारदर्शक खिडकीतून अतिनील किरण सोडून सारा मजकूर पुसावयाचा. त्यास सुमारे १५ ते २० मिनिटे लागतात. एका चुकीच्या आकड्याची ही किंमत! जाणकार म्हणूनच दोन-तीन चिप हाताशी ठेवतात. एक यंत्रात असताना दुसरी पुसली जात असते. लिहून झालेल्या चिपच्या खिडकीवर अपारदर्शक पट्टी चिकटवितात, कारण उन्हानेही मजकूर हळूहळू पुसला जातो.